खाली उतरायची वाट कोणती? पेरूच्या वायवाश परिक्रमेतील एका गटाचे प्रकरण

दक्षिण अमेरिकेतील एका दुर्गम डोंगररांगेत, रस्त्यापासून दूर, एका गटातील सदस्याच्या फुफ्फुसात उंचीमुळे पाणी होऊ लागले. त्यानंतरच्या सुमारे दीड दिवसात जे निर्णय घेतले गेले, त्यांची ही नोंद आहे. सदस्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ठिकाणे, उंची आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

गट दहा जणांचा होता. आठ जण पुण्या-मुंबईचे आणि दोघे अमेरिकेत स्थायिक झालेले, जे थेट लिमाला येऊन मिळाले. वये २९ ते ६१. सह्याद्रीत सगळेच वर्षानुवर्षे भटकलेले. सात जणांनी एव्हरेस्ट बेस कॅम्प किंवा अन्नपूर्णा परिक्रमा केलेली. एक सदस्या भूलतज्ज्ञ डॉक्टर होत्या आणि औषधांची पेटी त्यांच्याकडे होती. सोबत वारास शहरातील एक वाटाड्या, एक स्वयंपाकी, आणि गाढवे हाकणारे दोन स्थानिक, ज्यांना तिकडे आरिएरो म्हणतात, असा चमू होता. सामानाच्या गाढवांखेरीज बसण्यासाठी एक घोडाही घेतला होता. या भागात त्याला आणीबाणीचा घोडा म्हणतात आणि बहुतेक गट तो भाड्याने घेतात.

कोर्दियेरा वायवाश ही रांग लांबीला जेमतेम तीस किलोमीटर आहे, पण येरुपाहा हे ६,६०० मीटरहून उंच, पेरूतील वास्कारानच्या खालोखालचे शिखर याच रांगेत आहे. पश्चिम उतारावरचे पाणी पॅसिफिककडे जाते, तर पूर्वेकडचे मरान्योन नदीतून अ‍ॅमेझॉनला मिळते. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. हा गट जूनमध्ये गेला होता. दिवसा लख्ख ऊन, रात्री पाणी गोठवणारी थंडी, आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळे संध्याकाळी सहाच्या सुमारास पडणारा व बारा तास टिकणारा अंधार, असे त्या महिन्याचे स्वरूप असते.

या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे वाटेची रचना, आणि नेमकी तीच आपल्याकडच्या हिमालयात चढलेल्या मंडळींच्या सवयीत बसत नाही. वायवाशची पूर्ण वाट सुमारे १२० किलोमीटरची असून ती रांगेला प्रदक्षिणा घालते. रोज सकाळी एका खोऱ्यातून निघायचे, साडेचार ते पाच हजार मीटरच्या दरम्यानची एक खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यात तंबू ठोकायचे. मुक्काम बहुतांशी ४,१०० ते ४,५०० मीटरवर पडतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पसारख्या वाटेवर माणूस एकच खोरे धरून वर चढत जातो. तिथे त्रास झाला तर आल्या वाटेने मागे फिरले की आपोआप उंची कमी होत जाते. वायवाशमध्ये मागे फिरायचे म्हणजे आधी कालचीच खिंड पुन्हा चढायची. उंची कमी करायची असेल तर परिक्रमेची वाट सोडून नदीबरोबर रांगेच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या एखाद्या गावाकडे उतरावे लागते. गटाने छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत मुक्काम, खिंडी, अंतरे आणि उंची यांचा तक्ता होता. बाहेरच्या गावांचे त्यात नावही नव्हते.

मूळ योजना वाईट नव्हती. लिमाहून बसने ३,०५० मीटरवरच्या वारासला जायचे, तिथे चार रात्री काढायच्या, मग सुमारे ३,२५० मीटरवरच्या यामाक गावात एक रात्र, आणि त्यानंतर ४,१७० मीटरवरचा क्वार्तेलवाइन हा पहिला तळ. विमान कंपनीकडून सामान पोहोचायला तीन दिवस उशीर झाला आणि योजना कोलमडली. परतीची तिकिटे पक्की होती, गाढवे ठरलेल्या तारखेला येणार होती, रजा वाढवणे बहुतेकांना शक्य नव्हते. त्यामुळे वारासच्या दोन रात्री आणि यामाकची रात्र कापली गेली. वारासला दोनच रात्री झाल्या, मधल्या दिवशी सुमारे ३,७०० मीटरवरच्या विल्काकोचा तळ्यापर्यंत एक चढाई झाली, आणि तिसऱ्या दिवशी गाडीने थेट क्वार्तेलवाइन गाठले. म्हणजे झोपण्याची उंची एका दिवसात ११०० मीटरहून अधिक वाढली. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी.

येथे पहिला निर्णयबिंदू होता आणि तो कोणालाच निर्णय वाटला नाही. सामान येईपर्यंतचे तीन दिवस सर्वांनी लिमामध्ये, म्हणजे समुद्रसपाटीवर काढले. गटातील एक-दोघांनी मागे थांबून बाकीच्यांना वारासला पाठवले असते, तर अंगावरच्या कपड्यांनिशी आणि चार उसन्या स्वेटरांत का होईना, तीन हजार मीटरवरच्या त्या रात्री वाया गेल्या नसत्या. सामान दोन दिवस उशिरा मिळाले तरी चालते. शरीराला उंचीची सवय व्हायला जो वेळ लागतो तो मात्र तिथे राहूनच द्यावा लागतो.

समस्या कशी वाढत गेली

क्वार्तेलवाइनच्या पहिल्या रात्री दहापैकी सहा जणांचे डोके दुखत होते. त्यात ५४ वर्षांचे एक गृहस्थ होते. गटातील तरुण मंडळी त्यांना काका म्हणत. काका नियमित मॅरेथॉन धावणारे आणि गटातील सर्वांत काटक. उंचीची सवय लवकर व्हावी म्हणून घेतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायला त्यांनी आधीच नकार दिला होता, कारण पूर्वी एकदा त्या गोळीने हातापायांना मुंग्या येऊन त्यांची झोपमोड झाली होती. त्यांनी डोकेदुखीची गोळी घेतली आणि सकाळी निघाले.

दुसऱ्या दिवशी सुमारे ४,६९० मीटरची काकानानपुन्ता खिंड ओलांडून गट मितुकोचा तळ्याजवळ पोहोचला. नेहमी पुढे असणारे काका त्या दिवशी मधल्या घोळक्यात होते. संध्याकाळी स्वयंपाकाच्या तंबूत पिठलं-भात झाला. पुण्याहून नेलेला प्रेशर कुकर होता म्हणून भात शिजला, एरवी त्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते. काकांनी स्वतः आग्रह करून करवून घेतलेले ते जेवण अर्धे टाकले. डॉक्टरांनी ताटाकडे पाहिले आणि विचारपूस केली. "दमलोय जरा" एवढेच उत्तर आले. कोरडा खोकला सुरू झाला होता, पण गाढवांच्या टापांनी उडणाऱ्या धुळीमुळे खोकला निम्म्या गटाला होता.

तिसऱ्या दिवशी ४,६५० मीटरच्या कारवाक खिंडीच्या चढावर काका दर वीस-पंचवीस पावलांनी थांबू लागले. वाटाड्याने घोडा पुढे आणला. तेव्हा काका जे म्हणाले ते गटातील प्रत्येकाला शब्दशः आठवते: "घोड्यावर बसायला मी काय नवरदेव आहे का?" सगळे हसले, वातावरण हलके झाले, आणि घोडा गुडघा दुखणाऱ्या दुसऱ्या एका सदस्याला देण्यात आला. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होण्यामागे फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब असतो आणि श्रमाने व थंडीने तो आणखी वाढतो. त्यामुळे तो चढ पायी चढणे ही केवळ दमणूक नव्हती, तर आजार पुढे ढकलणारी गोष्ट होती. काटकपणाचा यात फारसा उपयोग होत नाही; उलट काटक माणूस त्रास होत असतानाही वेग टिकवू शकतो, म्हणून तो उशिरा सापडतो.

काका कारवाकोचाच्या छावणीत इतरांच्या दोन तास मागून पोहोचले. ४,१५० मीटरवरचे हे तळे परिक्रमेतील सर्वांत देखण्या मुक्कामांपैकी एक आहे. समोर येरुपाहा आणि सिउला ग्रांदे यांच्या हिमभिंती तळ्यात उतरलेल्या दिसतात. मंडळी छायाचित्रे काढण्यात गुंतली असताना डॉक्टरांनी बोटाला लावायच्या यंत्राने सगळ्यांच्या रक्तातील ऑक्सिजन मोजला. बाकीच्यांचे आकडे ८२ ते ८८ टक्क्यांच्या दरम्यान होते, काकांचा ६८. बोटे गार पडल्यामुळे यंत्र चुकत असेल, अशी शंका कोणी तरी काढली. डॉक्टरांनी काकांचे हात गरम पाण्याच्या बाटलीवर ठेवून पुन्हा मोजले. आकडा ६९ झाला. नखे निळसर होती. बसल्या जागी श्वास मिनिटाला तीसच्या घरात होता. स्टेथोस्कोप आणलेला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या पाठीला, उजव्या खांद्याच्या पात्याखाली, कान लावला. कानाजवळचे केस बोटांत धरून चोळल्यावर येतो तसा बारीक करकर आवाज प्रत्येक श्वासाच्या शेवटी येत होता.

नव्या उंचीवरची ही तिसरी रात्र होती. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होण्याचा प्रकार साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान दिसतो. डॉक्टरांना निदानाबद्दल शंका उरली नव्हती.

रात्री निघायचे की पहाटे

या आजारावरचा खरा उपाय एकच: खाली उतरणे. लक्षणे कमी होईपर्यंत, साधारण ३०० ते १,००० मीटर, आणि तेही रुग्णाला शक्य तितके कमी श्रम पडतील अशा रीतीने. ऑक्सिजन आणि निफेडिपिन, म्हणजे फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब कमी करणारे औषध, हे आधार आहेत. त्यामुळे संध्याकाळी साडेसहा वाजता निदान पक्के झाल्यावर लगेच निघायला हवे होते, असे कोणीही म्हणेल, आणि पुस्तकात तसेच लिहिलेले असते.

वाटाड्याने रात्री निघायला विरोध केला. त्याचे म्हणणे असे की नदीकाठची वाट ओलसर चराईच्या कुरणांतून जाते, ओहोळांवर रात्री बर्फाचा पापुद्रा धरतो, घोडा घसरला तर रुग्ण पाण्यात पडेल, आणि गावात मध्यरात्री पोहोचूनही गाडी मिळणार नाही. डॉक्टरांनी हे ऐकून घेतले, पण मान्यता देताना तीन अटी घातल्या. रुग्णाला रात्रभर एकटे सोडायचे नाही, बसत्या स्थितीत ठेवायचे. निफेडिपिनची लांब काळ काम करणारी गोळी आत्ताच द्यायची. बोलण्यात गोंधळ किंवा चालताना तोल जाणे, म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, दिसली तर त्याच क्षणी, कितीही अंधार असला तरी निघायचे. घोडा तंबूजवळच बांधून ठेवला गेला आणि खोगीर मंडळींच्या तंबूत आणून ठेवले.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, कारण थांबण्याला काळाची आणि लक्षणांची स्पष्ट मर्यादा होती. "सकाळी बघू" आणि "सकाळपर्यंत या दोन खुणा दिसल्या नाहीत तर सकाळी" या दोन वाक्यांत बरेच अंतर आहे.

ऑक्सिजनचा हिशेबही त्याच रात्री झाला. वाटाड्याकडे ४०० लीटरचा एकच सिलिंडर होता. मिनिटाला दोन लीटर या वेगाने तो तीन तास वीस मिनिटे पुरतो. रात्रीच संपवला तर उतरताना काही उरणार नाही, आणि अजिबात न लावला तर रात्र निभेल की नाही हे माहीत नाही. डॉक्टरांनी रात्री दोनच्या सुमारास, आकडा ६१ वर घसरल्यावर, मिनिटाला एक लीटर या वेगाने तासभर ऑक्सिजन दिला आणि मग बंद केला. ३४० लीटर शिल्लक राहिले. म्हणजे उतरताना दोन लीटरच्या वेगाने पावणेतीन तासांहून थोडे जास्त.

सकाळचे पर्याय

पहाटे साडेपाचला सगळे जागे होते. तरीही आजारी माणूस छावणीतून निघाला पावणेनऊला. या सव्वातीन तासांपैकी तासभर तयारीत गेला; उरलेले दोन-सव्वादोन तास हेलिकॉप्टरच्या नादात गेले.

गटाकडे उपग्रहामार्फत मजकूर पाठवणारे यंत्र होते. नेपाळमध्ये विम्याच्या भरवशावर काही तासांत खासगी हेलिकॉप्टर मागवता येते, हे काहींनी स्वतः पाहिलेले होते. वायवाशमध्ये तशी हाकेसरशी येणारी सेवा नाही. पोलिसांचे उच्च पर्वतीय बचाव पथक आहे, पण ते मुख्यतः जमिनीवरून काम करते. वाटाड्याने हे दोनदा सांगितले. त्याची इंग्रजी तुटक होती, गटाची स्पॅनिश त्याहून तुटक, आणि त्याचे "नाही" हे कोणाला खर्चाच्या भीतीचे, तर कोणाला आळसाचे वाटले. विमा कंपनीशी मजकुरांची देवघेव सुरू झाली. त्यांनी पॉलिसी क्रमांक, रुग्णालयाचे नाव आणि अंदाजे खर्च विचारला. रुग्णालयापासून दूर, तंबूत बसलेल्या माणसाला रुग्णालयाचे नाव विचारले जात होते.

दरम्यान पुढचे पर्याय चर्चेला आले. पहिला, रुग्णाला घोड्यावर बसवून गटाबरोबर पुढे न्यायचे: ४,८३० मीटरच्या सिउला खिंडीऐवजी गाढवांच्या वाटेने, सुमारे ४,६०० मीटरच्या कार्निसेरो खिंडीतून. त्यानंतर दुसऱ्या दिवशी आणखी एक खिंड ओलांडून बिकोंगा तळ्यापाशी पोहोचले की तिथून काहातांबोचा रस्ता मिळतो. मार्गक्रम न मोडणारा म्हणून हा पर्याय दोघांना पसंत होता. पण त्यात रुग्ण दोन खिंडी चढणार होता आणि रात्र ४,३५० मीटरवर, म्हणजे आत्तापेक्षाही वर, काढणार होता. डॉक्टरांनी एका वाक्यात तो फेटाळला.

दुसरा, कारवाकोचालाच एक दिवस विश्रांती. साध्या डोकेदुखीसाठी हे चालले असते. पाणी झालेल्या फुफ्फुसाला त्याच उंचीवर, पुरेशा ऑक्सिजनशिवाय ठेवणे धोक्याचे होते. तिसरा, आल्या वाटेने परत क्वार्तेलवाइनला, कारण तिथे गाडी येते हे सर्वांनी पाहिले होते. हिमालयाच्या सवयीने बहुतेकांच्या डोक्यात प्रथम हाच आला. नकाशावर बोट ठेवल्यावर लक्षात आले की त्यासाठी कारवाक आणि काकानानपुन्ता या दोन्ही खिंडी उलट्या दिशेने चढाव्या लागतील.

चौथा पर्याय वाटाड्याने मांडला, पण त्याचे तपशील भरले छावणीची राखण करणाऱ्या स्थानिक बाईंनी. वायवाशभोवतीची गावे आपापल्या हद्दीत पदयात्रींकडून ठरावीक शुल्क घेतात आणि पावती देतात. आदल्या संध्याकाळी याच बाई पावत्या फाडायला आल्या तेव्हा एका सदस्याने "टोलनाका आला" असा विनोद केला होता. आता त्यांनी सांगितले की तळ्यातून निघणाऱ्या नदीच्या काठाने घोड्यावर सुमारे तीन तासांत केरोपाल्का गाव लागते, वाटेत एकही खिंड नाही, गावात आरोग्य केंद्र आहे, आणि दुपारपूर्वी पोहोचलात तर खालच्या बान्योस गावाकडे जाणारी गाडी मिळेल. केरोपाल्का सुमारे ३,८०० मीटरवर आहे. म्हणजे उतार तीनशे-साडेतीनशे मीटरचा, पुरेसा असण्याच्या अगदी काठावरचा. म्हणून तिथेच न थांबता गाडीने आणखी खाली जाणे हा या पर्यायाचा अविभाज्य भाग होता.

कृती

रुग्णाबरोबर कोण जाणार, हा पुढचा प्रश्न. डॉक्टर जाणार हे उघड होते. पण गावात, आरोग्य केंद्रात, गाडीवाल्याशी स्पॅनिश बोलू शकणारे कोणी तरी हवे होते, आणि गटात ते काम करू शकेल असा फक्त वाटाड्या होता. तो गेला तर उरलेल्या आठ जणांना खिंडीतून नेणारा कोणी नव्हता. काही जणांना वाटत होते की एका आरिएरोला पाठवावे आणि वाटाड्याने गटाला पुढे न्यावे, म्हणजे दिवस वाचेल. गटप्रमुखांनी येथे ठाम भूमिका घेतली: वाटाड्या रुग्णाबरोबर जाईल, बाकीचे स्वयंपाक्यासह कारवाकोचालाच थांबतील, आणि तो परत आल्याशिवाय कोणीही छावणी हलवणार नाही. गट फुटायचा असेल तर फुटलेल्या दोन्ही भागांत वाट जाणणारे आणि भाषा जाणणारे माणूस असले पाहिजे. ते शक्य नसेल तर एका भागाने जागेवर थांबायचे.

काका या वेळी मुकाट्याने घोड्यावर बसले. एक आरिएरो लगाम धरून पुढे, वाटाड्या बाजूला, डॉक्टर मागे. सिलिंडर सॅकमध्ये घालून खोगिराच्या मागे बांधला होता आणि नळी काकांच्या टोपीखालून घेतली होती, कारण उघड्यावर राहिली तर श्वासातली वाफ तिच्यात गोठेल अशी भीती होती. निघताना ऑक्सिजनशिवाय आकडा ६४ होता, लावल्यावर ८४ झाला. दर अर्ध्या तासाने थांबून डॉक्टर त्यांना आजची तारीख आणि नातवाचे नाव विचारत होत्या, मेंदू जागा आहे ना हे पाहण्यासाठी. गाव दिसू लागले तेव्हा सिलिंडरचा काटा शून्याजवळ होता. हेलिकॉप्टरची वाट पाहताना सकाळी तो चालू ठेवला असता, जसे एकाने सुचवले होते, तर तो वाटेतच संपला असता.

केरोपाल्काच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेने मोठा सिलिंडर लावला. मग तिथे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. मोहीम आखून देणाऱ्या वारासमधील कंपनीच्या कचेरीचे म्हणणे होते की रुग्णाला वारासला आणावे; तिथे ओळखीचे रुग्णालय, हॉटेल आणि सामान होते. पण केरोपाल्का रांगेच्या पूर्वेला आहे. वारासकडे जाणारा लांबचा रस्ता रांगेला वळसा घालून ४,००० मीटरच्या वरच्या पठारावरून जातो, आणि शेवटी पोहोचायचे ते पुन्हा ३,०५० मीटरवर. दुसरा पर्याय वानुको शहराचा; ते साधारण १,९०० मीटरवर आहे. तिकडे जाताना मरान्योन आणि वायागा या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधला कणा ओलांडावा लागतो, म्हणजे चढ तिथेही टळत नाही. डॉक्टरांनी ठरवले की आधी बान्योसपर्यंत उतरायचे, तिथे रात्रभर ऑक्सिजनवर ठेवून सुधारणा पाहायची आणि मगच, सिलिंडर सोबत घेऊन, वानुको गाठायचे. सोयीच्या शहराऐवजी खालचे शहर निवडले गेले.

परिणाम

बान्योसमध्ये सकाळपर्यंत काकांचा श्वास बसल्या जागी शांत झाला होता. वानुकोच्या रुग्णालयात क्ष-किरण तपासणीत फुफ्फुसातील पाणी दिसले, निदानावर शिक्कामोर्तब झाले, आणि तीन दिवसांनी घरी जाण्यास परवानगी मिळाली. डॉक्टर त्यांच्याबरोबर विमानाने लिमाला गेल्या. कायमची इजा झाली नाही.

वाटाड्या दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीत परतला. नकळत मिळालेल्या त्या विश्रांतीचा उरलेल्या आठ जणांना फायदाच झाला; डोकेदुखी कमी झाली आणि जेवण वाढले. पण आता गटात डॉक्टर नव्हत्या, ऑक्सिजन संपला होता. म्हणून पाच हजार मीटरच्या कुयोक आणि सान अंतोनियो खिंडी सोडून द्यायचे ठरले. गट कार्निसेरो खिंडीने, तेथून बिकोंगाला आणि मग काहातांबोमार्गे बाहेर पडला. एका सदस्याला हे आजही पटलेले नाही. सगळे ठणठणीत असताना आयुष्यातली एकमेव परिक्रमा अर्धी टाकली, असे त्याचे म्हणणे आहे. ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर गावातून आणवता आला असता, हा त्याचा मुद्दा मात्र रास्त आहे.

विम्याचा दावा अंशतः मंजूर झाला. पॉलिसीत ठरावीक उंचीच्या वरच्या पदभ्रमणाला वगळणारे कलम होते आणि ते निघण्यापूर्वी कोणी वाचले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

लिमातील तीन दिवसांबद्दल वर लिहिलेच आहे. त्याखेरीज, यामाकची रात्र वाचवण्यासाठी मार्गातला शेवटचा दिवस कापता आला असता. उशीर झाल्यावर कात्री नेहमी सुरुवातीच्या दिवसांना लागते, कारण ते दिवस गावात बसून घालवायचे असतात आणि कापल्याचे दुःख होत नाही. शेवटचे दिवस छायाचित्रांचे असतात.

मितुकोचाच्या संध्याकाळी टाकलेले जेवण, मंदावलेली चाल आणि खोकला या तीन गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी पाहिल्या. चाल वाटाड्याने पाहिली, जेवण डॉक्टरांनी, आणि रात्रभराचा खोकला तंबूतल्या जोडीदाराने ऐकला. तिघे एकमेकांशी बोलले असते तर कारवाक खिंडीच्या आधीच, मितुकोचाहून, नदीच्या बाजूने केरोपाल्काकडे उतरता आले असते, कारण त्या खोऱ्याचे पाणीही त्याच बाजूला जाते. ऑक्सिमीटरही तिसऱ्या संध्याकाळी प्रथम बाहेर निघाला. तो पहिल्या रात्रीपासून रोज सर्वांसाठी वापरला असता तर ६८ हा आकडा अचानक समोर आला नसता, घसरत आलेला दिसला असता.

परिक्रमेच्या प्रत्येक मुक्कामापुढे, तिथून खिंड न चढता कोणत्या गावी उतरता येते, किती वेळ लागतो आणि तिथून गाडी कुठे जाते, ही तीन घरे कार्यक्रमपत्रिकेत भरलेली हवी होती. मितुकोचा आणि कारवाकोचापुढे केरोपाल्का, बिकोंगापुढे काहातांबो, आणि दक्षिण-पश्चिमेच्या मुक्कामांपुढे वायापा, जे ३,६०० मीटरच्या आसपास असून परिक्रमेच्या वाटेवरचेच गाव आहे. हा तक्ता वारासमध्ये वाटाड्याबरोबर बसून तासाभरात होतो. हेलिकॉप्टर मिळणार नाही हेही त्याच बैठकीत, दुभाष्यासमोर, सर्वांनी ऐकले असते तर ते दोन तास वाचले असते.

घोड्याबद्दल मात्र एकमत झाले नाही. काकांचे आता म्हणणे आहे की "बसा, नाही तर गट इथेच थांबेल" असे कोणी सांगितले असते तर ते बसले असते. गटप्रमुखांना वाटते की चोपन्न वर्षांच्या, आपल्यापेक्षा ज्येष्ठ माणसाला चार लोकांत असे सांगणे त्यांना जमले नसते, आणि वाटाड्या तर परका, तो पैसे घेऊन आलेला. पुढच्या मोहिमेच्या संमतिपत्रात त्यांनी एक ओळ घातली आहे: घोड्यावर बसवणे, थांबवणे आणि खाली पाठवणे या तीन बाबतींत डॉक्टर किंवा वाटाड्या यांपैकी कोणा एकाचाही शब्द अंतिम राहील आणि त्यावर वाटेत चर्चा होणार नाही. काकांनी त्या पत्रावर सही केली आहे. त्या ओळीखाली डॉक्टरांनी स्वतःच्या हस्ताक्षरात आणखी एक अट जोडली: अर्धे टाकलेले ताट त्याच रात्री वाटाड्याला कळवायचे.